आतला खिसा

शिंप्याला माणसाच्या जितकं जवळ जावं लागतं तितकं डॉक्टरलाही जावं लागत नाही. डॉक्टर नळी लावून ऐकतो. मास्तर छातीभोवती टेप फिरवायचे तेव्हा त्यांचं नाक गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या बटणापाशी असायचं. कोण चोरून सिगारेट ओढून आलाय, कोण रात्रभर झोपलेला नाही, कुणाची नोकरी सुटलीय आणि घरी अजून सांगितलेलं नाही, हे सगळं त्यांना त्या अंतरावरून कळायचं. कळायचं आणि तिथेच राहायचं. तोंड फटकळ, राग कायम नाकावर, पण एकाच्या अंगावरची गोष्ट त्यांनी कधी दुसऱ्याच्या कानावर घातली नाही.

दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड करून असलेली एक लांबट खोली. दारातून आत आलं की कापड बेतायचं मोठं टेबल, त्याच्या मागे इस्त्रीची फळी, खिडकीपाशी शिलाई मशीन आणि मशीनवर काकू. काकू म्हणजे मास्तरांची बायको, पण सगळा रस्ता त्यांना काकूच म्हणायचा. वरच्या दोन खोल्यांत दोघांचं घर. मध्ये एक अरुंद जिना, ज्यावर दोन माणसं समोरासमोर आली की एकाला माघार घ्यावी लागायची. ती मास्तरांनी कधी घेतली नाही.

मापं घ्यायची या दोघांची एक पद्धत होती. मास्तर आकडा मोठ्यानं म्हणायचे आणि काकू मशीन न थांबवता तो डोक्यात ठेवायच्या. कागद नाही, पेन्सिल नाही. पण पोटाचा आकडा मास्तर कधीच खरा सांगायचे नाहीत. दुकानात चार माणसं बसलेली असताना एखाद्याच्या पोटाचा घेर जाहीर करायचा, हे त्यांना भर रस्त्यात त्याचा सदरा ओढून काढण्यासारखं वाटायचं. म्हणून ते दोन इंच कमी सांगायचे आणि टेपच्या टोकाची पितळी पट्टी टेबलावर वाजवायचे. टक्. एकदा वाजली की काकूंनी दोन वाढवायचे, दोनदा वाजली की चार. गिऱ्हाईक खूश, आणि कोट अंगाला चपखल. इतक्या वर्षांत ही खूण कुणाच्या लक्षात आली नाही. वकीलसाहेबांच्या तर नाहीच. समोरच्या कोर्टात वकिली करणारे हे भारदस्त गृहस्थ दर वर्षी एक काळा कोट शिवायचे, दर वर्षी त्यांच्यासाठी पट्टी तीनदा वाजायची, आणि दर वर्षी ते बाकड्यावर बसलेल्यांना सांगायचे, "ऐकलंत ना? पोट आहे तिथेच आहे."

दोन वर्षांपूर्वी मास्तर याच टेबलापाशी कापड बेतता बेतता खाली बसले. हृदयाचा एक ठोका पडला की दुसरा पडावा की नाही, याचा विचार चालायचा. डॉक्टरांनी डाव्या कॉलरच्या हाडाखाली, कातडीच्या आत, एक चपटं यंत्र बसवलं. पेसमेकर. आगपेटीएवढं, त्यातून एक तार थेट हृदयात. ठोका रेंगाळला की ते आतून ढोसणी देतं. मास्तर सदरा बाजूला करून वण दाखवायचे. "अख्खा जन्म लोकांना आतले खिसे शिवून दिले, शेवटी मलाही एक लागला. पण टाका बघा. असा टाका माझ्याकडे कुणी घातला असता तर तिथल्या तिथे उसवायला लावला असता."

यंत्राबरोबर एक पांढरा डबा घरी आला. तो पलंगाशेजारी ठेवायचा. मास्तर आडवे झाले की डबा छातीतल्या यंत्राशी बिनतारी बोलायचा आणि दिवसभराचा सगळा हालहवाल मोबाईलच्या जाळ्यातून हॉस्पिटलला पाठवायचा. काकूंनी त्याचं नाव ठेवलं सासूबाई. "माझ्या वाट्याला होत्या तशाच आहेत. कोपऱ्यात गप्प बसायचं, सगळं बघायचं आणि नको तिथे सांगायचं." एकदा मास्तर कापडाचा गठ्ठा खांद्यावर टाकून जिना चढले तर दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून फोन, काल संध्याकाळी काय केलंत म्हणून. तेव्हापासून काकूंना सासूबाईंबद्दल थोडा आदरही वाटू लागला होता.

बातमी आली ती वकीलसाहेबांच्या मोबाईलवरून. यंदाच्या कोटाचं माप चाललं होतं. साहेब दोन्ही हात पसरून उभे, एका हातात मोबाईल. दिसेल ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवायची त्यांना खोड.

"घ्या. आता चोर काळजातसुद्धा शिरायला लागले," ते म्हणाले आणि वाचत सुटले. हृदयासाठी बसवतात त्या एका कंपनीच्या यंत्रांमध्ये एक पळवाट सापडली होती. हवं ते उपकरण हाताशी असलेला माणूस जवळ उभा राहून त्या यंत्राशी परस्पर बोलू शकत होता. बॅटरी संपवू शकत होता, ठोक्यांचा वेग बदलू शकत होता. यंत्र त्याला विचारतच नव्हतं, बाबा तू कोण. कंपनीनं दुरुस्ती तयार केली होती. ती करताना क्वचित एखादं यंत्र बिघडू शकतं, हे खाली बारीक अक्षरात होतं. आणि वर ठळक अक्षरात, आतापर्यंत कुणालाही इजा झालेली नाही.

"कुठली कंपनी?" मास्तरांनी विचारलं.

साहेबांनी नाव वाचलं. तेच नाव मास्तरांच्या पाकिटातल्या कार्डावर होतं, जे बरोबर ठेवल्याशिवाय कुठे जायचं नाही असं हॉस्पिटलनं बजावलं होतं.

"पोट किती?" काकूंनी मशीनवरून विचारलं, कारण आकडा आला नव्हता. मग त्यांनी वर बघितलं. मास्तर टेप सोडून मागे सरकले होते.

"जवळ म्हणजे किती जवळ?" मास्तर म्हणाले.

"तसं दिलेलं नाही. जवळ, एवढंच."

"म्हणजे तुम्ही आहात तेवढं."

साहेबांना तेव्हा कुठे उमगलं. पसरलेले हात खाली घ्यावेत की तसेच ठेवावेत हे त्यांना कळेना. कोर्टात त्यांची अशी दशा आजवर कुणी केली नव्हती.

इथे कुणी हसू नये. आतापर्यंत कुणालाही इजा झालेली नाही, हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याच्या छातीत ते यंत्र नव्हतं. मास्तरांच्या छातीत होतं. आणि त्यांच्या छातीतली बातमी त्यांना कुणी सांगितली? ज्यांनी यंत्र विकलं त्यांनी नाही, ज्यांनी बसवलं त्यांनी नाही. सांगितली ती एका गिऱ्हाइकाच्या मोबाईलनं, दोन्ही हात टेपात अडकलेले असताना. अशा माणसाला भित्रा म्हणणाऱ्यानं आधी आपल्या घराची किल्ली रस्त्यावर टांगून ठेवावी आणि आतापर्यंत चोरी झाली नाही म्हणून निवांत झोपून दाखवावं.

त्याच दिवशी मास्तरांनी सासूबाईंची तार भिंतीतून उपटली आणि डबा जुन्या बटणांच्या पत्र्याच्या पेटीत टाकून झाकण लावलं.

"अहो, तो डबा तर आपलाच आहे ना?" काकू म्हणाल्या.

"बोलतो ना तो हवेतून? मग संपलं. माझ्या छातीशी हवेतून कुणी बोलायचं नाही."

"आणि हॉस्पिटलला कसं कळणार?"

"मला कुठे कळवलं त्यांनी?"

काकूंनी पेटी उचलून इस्त्रीच्या फळीखाली सरकवली.

दुकानात मास्तर आता टेबलाच्या पलीकडे उभे राहू लागले. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, जुना कपडा आणा, त्यावरून माप घेतो. नसेल आणला तर तिथूनच डोळे बारीक करून अंदाज बांधायचे. अंदाज चुकत नव्हता असं नाही. एका शिक्षिकेचा कुर्ता खांद्यात उतरला, एका ड्रायव्हरची पँट घोट्याच्या वरच थांबली. लोक मास्तरांच्या तोंडाला घाबरून तेच घालून गेले.

"मापं मी घेते," काकू म्हणाल्या.

"गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

"म्हणतील, मास्तरांपेक्षा हात हलका आहे."

"हात चालतात तोवर टेप माझ्या गळ्यातच राहील."

काज आणि बटणं करायला दोघं दुपारी टेबलापाशी शेजारी शेजारी बसायची. दोन स्टुलं, मधे एकच सुईचा डबा. एके दुपारी काकू येऊन बघतात तर त्यांचं स्टूल टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला.

"हे कुणी सरकवलं?"

"तुझ्या कमरेला मोबाईल असतो."

"मोबाईल काढून ठेवला तर?"

मास्तर सुईत दोरा ओवत राहिले, आणि दोरा काही ओवला जाईना.

काकूंनी भांडण काढलं नाही. मोबाईल जिन्यातल्या कोनाड्यात ठेवला आणि बाजारात जाऊन आल्या. पुढचे दोन दिवस त्या मशीनवर काय करत होत्या ते मास्तरांना दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक बंडी टेबलावर ठेवली. मऊ सुती कापडाचे दोन थर, आणि मधे जेवण गुंडाळतात तो चंदेरी कागद. कागद सरकू नये म्हणून चौकटी चौकटीत शिवण घातलेली. डावीकडचा काखेचा गोल मुद्दाम खोल कापलेला, वणाला घासू नये म्हणून.

"हे काय?"

"चिलखत."

मास्तरांनी ती हातात घेऊन हलवली. "वाजतंय."

"वाजू दे. घरात कुठे आहात ते मला कळेल तरी."

मास्तरांनी बंडी घातली. वर सदरा घातला. चालले की वाळक्या पानांतून कुणी जातंय असा आवाज यायचा. त्या दिवशी काकूंनी स्टूल ओढून पुन्हा शेजारी आणलं आणि मास्तरांनी ते सरकवलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी कोनाड्यातला मोबाईल वाजला. मास्तरांनी बंडी सारखी केली आणि तो उजव्या कानाला लावला. हॉस्पिटलातल्या ताई होत्या, या यंत्रांची तपासणी करायच्या त्या. आवाज गोड, घाई लपवणारा. "काका, तुमचा डबा गप्प का आहे? बरे आहात ना?"

"डबा गप्प झाला तर लगेच फोन करावासा वाटला तुम्हाला," मास्तर म्हणाले. "यंत्राला पळवाट आहे हे कळलं तेव्हा नाही वाटला?"

ताई म्हणाल्या, "काका, तुम्ही एकदा या. दुरुस्ती करून घेऊ. समोरासमोर बोलू."

"समोर म्हणजे किती लांब?" असं विचारून मास्तरांनी उत्तराची वाट न बघता फोन बंद केला.

राग उतरल्यावर मात्र त्यांच्या मनात दुसरंच घोळू लागलं. दुरुस्ती करायची म्हणजे पुन्हा कुणीतरी बाहेरून त्या यंत्राशी बोलणार. ते एक चुकलं तर? न करावी तर रस्त्यावरचा कुणीही. चालू असलेल्या हृदयावर कुणाला हात ठेवू द्यायचा, एवढाच प्रश्न होता, आणि तो सुटत नव्हता. काकूंनाही ते बोलले नाहीत. काकूंना कळलं, कारण त्या फोननंतर मास्तर कुणावर ओरडले नव्हते.

उन्हाळा चढला. अशाच एका दुपारी वकीलसाहेब नवा कोट घालून दारात उभे राहिले. एक बाही बोटांवर आलेली, दुसरी मनगटाच्या वर, आणि पोटावरची दोन्ही टोकं एकमेकांची तोंडं न बघणाऱ्या भावांसारखी.

"मास्तर, हा माझ्या शाळेतला कोट दिसतोय. अजून जपून ठेवलात, आभारी आहे."

बाकड्यावर दोघं-तिघं बसले होते. ते हसले. मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, बंडीच्या आत अंग उकडून निघत होतं. ते टेबलापलीकडून म्हणाले, "कोट बरोबर आहे. पोट वाढलंय तुमचं. ढोलासारखं झालंय."

हसू थांबलं. साहेबांनी कोटाची टोकं हातानं धरली, जणू ती तशी धरली तर पोट दिसणार नाही. काकूंनी मान वर केली नाही. त्या दुकानात इतक्या वर्षांत कुणाचं वाढलेलं पोट चारचौघांत काढलं गेलं नव्हतं, आणि आज ते खुद्द मास्तरांनीच काढलं. मास्तरांनाही ते ऐकू आलं. बोललेलं उसवता येत नाही, नाहीतर त्यांनी तिथल्या तिथे उसवलं असतं.

तेवढ्यात विजेचा मीटर बघणारा आत आला. किरकोळ अंगाचा, खाकी शर्टातला नेहमीचाच माणूस. हल्ली त्याला वाकून आकडे वाचावे लागत नसत. हातात एक उपकरण होतं, वर बोटभर अँटेना. ते मीटरच्या दिशेनं धरलं की आकडा आपोआप यायचा. मीटर मास्तरांच्या पाठीमागच्या भिंतीवर. तो अंग चोरून मास्तर आणि फळी यांच्या मधून पलीकडे गेला आणि उपकरण टीट टीट वाजलं.

मास्तरांना टेबल तिरकं झाल्यासारखं वाटलं. खिडकी लांब गेली. त्यांनी वळून त्या माणसाची कॉलर धरली. "बंद कर. काय चालू केलंस? बंद कर ते."

"काका, मी..."

"कुणी पाठवलं तुला?"

कॉलरची शिवण टर्रकन उसवली, आणि ती हातात असतानाच मास्तर खाली बसले.

सगळ्यात आधी धावला तो मीटरवालाच. त्यानं उपकरण बंद केलं, धावत जाऊन बाहेर पायरीवर ठेवलं आणि परत येऊन मास्तरांचं डोकं मांडीवर घेतलं. साहेबांनी सदऱ्याची बटणं सोडली. आत चंदेरी कागद चमकला, घामानं भिजून अंगाला चिकटलेला. साहेबांच्या तोंडाशी एखादी कोटी आली असेलच, पण ती त्यांनी गिळली. बाकड्यावरचं कुणीही हसलं नाही.

"पाणी प्या, काका," मीटरवाला म्हणाला. "मी युनिट वाचतो. तुमच्या घरात किती दिवे जळतात, एवढंच कळतं मला."

मास्तर पाणी प्यायले. काकू समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बटणांची पेटी उघडून डबा काखेत घेतला होता.

"चला आता," त्या म्हणाल्या. मास्तरांनी काही वाद घातला नाही. टेबलाला धरून उठले.

हॉस्पिटलच्या बाहेरच्या खोलीत लोखंडी खुर्च्या आणि त्यावर बसलेली म्हातारी माणसं. शेजारी एक आजी होत्या, मांडीवर कापडी पिशवी, डोळे मिटलेले. मास्तरांनी विचारलं, "तुमच्यातही यंत्र आहे?"

"आहे ना, बाबा. देवासारखं चालतंय."

"कुठल्या कंपनीचं?"

आजींना माहीत नव्हतं. पिशवीतून कार्ड निघालं. तेच नाव. "त्याचं काही ऐकलंत का?" मास्तरांनी विचारलं, जरा मोठ्यानंच. आजींनी काही ऐकलं नव्हतं. पलीकडच्या गृहस्थांनीही नाही. तिसऱ्यानं विचारलं, काय ऐकायचं? खुर्च्या कुरकुरू लागल्या तशा आतून ताई आल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, "काका, आत या."

तपासणीची खोली छोटी होती. एक पलंग, एक पडदा, चाकांवरचं मशीन आणि त्याला वायरनं जोडलेली एक चकती. ताईंनी चकती छातीवर ठेवली तर ती कर्रकन वाजली.

"हे काय घातलंय?"

"मी शिवलंय," काकू म्हणाल्या, असं की पुढे कुणी बोलूच नये.

ताईंनी बंडी उतरवायला मदत केली आणि हातात घेऊन उलटसुलट बघितली. चौकटी बघितल्या, डावीकडचा खोल गोल बघितला. "शिवण सुंदर आहे," त्या हळूच म्हणाल्या. मग चकती पुन्हा ठेवून मशीनच्या पडद्याकडे बघत राहिल्या. "आज दुपारी चक्कर आली ना? त्या वेळचं सगळं आहे यात. एकही ठोका चुकलेला नाही. बाहेरून कुणी बोललंही नाही. उकाड्यानं अंगातलं पाणी कमी झालं, काका. दुसरं काही नाही. या बंडीनं बाहेरून येणारं काही कितपत अडलं असतं माहीत नाही, घाम मात्र सगळा आत अडला."

मास्तरांना ती उसवलेली कॉलर आठवली. ते छताकडे बघत राहिले.

"पळवाट आहे हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

ताईंनी चकतीची वायर सरळ केली. "तुमच्या आधीपासून. दुरुस्ती हातात आल्याशिवाय पेशंटना घाबरवू नका, असं वरून सांगितलं होतं. मलाही ते पटलं होतं."

"आणि आता?"

"आता तुम्ही चंदेरी कागद घालून आलात."

मास्तरांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. बाई तरुण होती, डोळ्यांखाली काळं, कोटाच्या खिशाची एक कड उसवलेली. लबाड नव्हती. दमलेली होती.

"दुरुस्ती सोपी आहे," ताई पुन्हा नेहमीच्या गोड आवाजात म्हणाल्या. "काही मिनिटांचं काम. काळजी करण्यासारखं काहीच नाही. धोका असा जवळजवळ नाहीच."

टक्.

काकूंनी बांगडी खुर्चीच्या लोखंडी हातावर वाजवली होती. चेहरा मात्र अगदी साधा, भिंतीकडे बघत. मास्तरांच्या ओठांचा कोपरा हलला.

"ताई," ते म्हणाले, "दोन वाढवून सांगा."

"म्हणजे?"

आणि मास्तरांनी जे आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. पोटाचा आकडा, पितळी पट्टी, एकदा वाजली की दोन, दोनदा वाजली की चार. "गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून कमी सांगायला माझी हरकत नाही. पण कात्री ज्याच्या हातात आहे त्याला खरा आकडा लागतो. इथे कापड मी आहे आणि कात्री लावायची की नाही हेही मीच ठरवणार. तेव्हा मला पुरा आकडा सांगा."

ताईंनी मागे वळून दार लावलं आणि स्टूल ओढून त्यांच्या समोर बसल्या. गोडवा गेला, आवाज साधा झाला. "दुरुस्ती चालू असताना यंत्र एका ठरावीक वेगानंच चालेल, बाकी सगळं बंद. हजारो जणांची झाली आहे. त्यातल्या काहींची अर्धवट राहून पुन्हा करावी लागली. थोड्यांच्या यंत्रातली सगळी मांडणी पुसली गेली, ती पुन्हा बसवावी लागली. साफ बंद पडलेलं मी अजून बघितलेलं नाही. पण ते पहिलं तुमचं असू शकतं. म्हणून बाहेरून ठोके द्यायचं मशीन इथे तयार आहे आणि डॉक्टर शेजारच्या खोलीत थांबतील. तशी मी त्यांना विनंती करणार आहे."

"आणि नाही केली तर?"

"तर ज्याला ही पळवाट ठाऊक आहे, ज्याच्याकडे उपकरण आहे, आणि ज्याला तुमचं वाईट करायचंय, असा माणूस तुमच्या अगदी जवळ यावा लागेल. असा कुणी आहे?"

"वकीलसाहेब," काकू म्हणाल्या. "कोट बघितल्यापासून."

तिघंही हसली. मास्तरांचं हसू आधी थांबलं. "दुरुस्तीनं नेमकं होतं काय?"

"आजवर यंत्र जो विचारेल त्याला उत्तर द्यायचं. आता त्याला खूण शिकवतो. खूण न पटणाऱ्याशी ते बोलणार नाही."

"आणि ही खूण उद्या फुटली तर?"

"फुटू शकते," ताई म्हणाल्या. "फुटली तर बदलावी लागेल. आणि ते तुम्हाला मी सांगेन. कुणाच्या मोबाईलवरून कळायच्या आत."

मास्तरांनी काकूंकडे बघितलं. बांगडी वाजली नाही.

"करा," ते म्हणाले.

त्या काही मिनिटांत मास्तरांना छातीत एक परका ताल जाणवला. आपल्या मशीनच्या पायट्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी पाय असावा तसा. एकसारखा, ना हळू ना जोरात, मनात काय चाललंय याच्याशी काही देणंघेणं नसलेला. काकूंनी त्यांचा हात धरला होता. मोबाईल कमरेलाच होता, आणि त्या अगदी जवळ होत्या. मग पडद्यावर काहीतरी बदललं, ताईंनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला, आणि मास्तरांचा स्वतःचा, जरा चिडका, ओळखीचा ताल परत आला.

बाहेर पडताना मास्तर दारापाशी थांबले. ताई त्यांच्या मागून येऊन आजींच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. "आजी, तुम्हाला एक सांगायचं राहून गेलंय. जरा नीट ऐका."

"दोन कमी करू नका," मास्तर तिथूनच म्हणाले. ताईंनी वर न बघता मान हलवली.

घरी सासूबाई पुन्हा पलंगाशेजारी बसल्या. मीटरवाला पुढच्या खेपेला दारातच उभा राहिला, आत येऊ की नको अशा विचारात. मास्तर त्याच्याकडे बघून गुरगुरले, "शर्ट काढ. कॉलर मी फाडली, ती माझ्याच हातानं शिवली जाईल." माफी म्हणून त्यांच्या तोंडून एवढंच निघालं. पण शर्ट परत गेला तेव्हा कॉलर नवी होती आणि आतल्या बाजूला एक खिसा होता, उपकरणाच्या बरोब्बर मापाचा.

चंदेरी बंडी काकूंनी उसवली नाही. इस्त्रीच्या फळीवर ताणून बसवली. कागदानं उष्णता परत वर फिरते आणि घडी दोन्ही बाजूंनी बसते. आजही त्या फळीवर कोट टाकला की हलकासा कुरकुर आवाज येतो.

त्या फळीवर पहिला आला तो वकीलसाहेबांचा नवा कोट. माप द्यायला साहेब आले ते जरा अंग आखडूनच. हात पसरायच्या आधी त्यांनी मोबाईल काढला आणि बंद करू लागले.

"असू द्या चालू," मास्तर म्हणाले आणि जवळ गेले, इतके की नाक दुसऱ्या बटणापाशी. साहेबांनी पोट आत ओढलं. "सोडा श्वास," मास्तर म्हणाले. "इथे कोर्ट नाही."

त्यांनी खांदा सांगितला, छाती सांगितली. पोटाचा आकडा सांगितला तो गेल्या वर्षीचाच, सगळ्यांना ऐकू जाईल असा. साहेबांचा चेहरा हळूहळू उजळला. बाकड्याकडे बघून ते म्हणाले, "ऐकलंत ना?"

पितळी पट्टी टेबलावर चारदा वाजली. काकूंचं मशीन क्षणभर थांबलं आणि मग पुन्हा चालू झालं.